झाडं छाटायला वीजवाहिन्यांच्या कामावरचा जुना बकेट ट्रक घ्यायचाय. किलोमीटर कमी आहेत, इंजिन छान आहे. घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ट्रक आधी वीजवाहिन्यांच्या कामावर होता, इंजिन एका हाकेत सुरू होतं आणि किलोमीटर फारच कमी आहेत. यातून बूमबद्दल, म्हणजे माणूस उभा राहतो ती बकेट वर नेणाऱ्या लांब हाताबद्दल, काहीच कळत नाही, आणि माणूस लटकणार तो बूमच्या टोकाला. इंजिन कुठलाही गॅरेजवाला काढून घालेल, बूमचं तसं नाही.

किलोमीटर तर विसराच. हा ट्रक एका जागी उभा राहून राबतो. पीटीओ (इंजिनची ताकद बूमच्या पंपाला देणारा जोड) जोडलेला, इंजिन तासन्तास चालू, आणि आकडा जागचा हलत नाही. तासांचं मीटर बघा.

मग बूम. जमिनीवरच्या कंट्रोलनं रिकामा बूम उचलून आडवा लांबवा, इंजिन बंद करा आणि बूमच्या सिलिंडरच्या रॉडवर खडूनं खूण करा. पंधरा मिनिटं टायर, चॅसीचा गंज वगैरे बघा, पण बूमखाली थांबू नका. खूण सरकली असेल तर सील तरी गेलंय, नाहीतर होल्डिंग व्हॉल्व्ह. पाइप फुटला तर बूम कोसळू न देणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम, त्यामुळे ‘थोडंसं उतरतं, चालतं’ हे ऐकून घेऊ नका.

मग बूम खाली घ्या, एकानं बकेट हातानं वर-खाली आणि आजूबाजूला ढकला, दुसऱ्यानं टर्नटेबलच्या (बूम गोल फिरतो त्या चकतीच्या) बेअरिंगपाशी आणि पिनांपाशी नजर ठेवा. खडखड, फट, बोल्टच्या डोक्याखालून आलेले तांबूस ओघळ हे सगळं वाईट. रंगाच्या बारीक भेगेतून गंज झिरपत असेल तर आत वेल्डला तडा असण्याची शक्यता मोठी. बाकी ट्रक मळका आणि नेमका वेल्डवरच ताजा रंग? मी तिथूनच परत फिरतो.

फायबरग्लासचा बूम म्हणजे विजेपासून सुरक्षित, असं नाही. डायइलेक्ट्रिक चाचणीचा (बूम वीज अडवतो का, या तपासणीचा) चालू मुदतीतला कागद नसेल तर तो लोखंडीच समजा. कागद असला तरी तो बूम फक्त ट्रकमधून जमिनीकडे जाणारा प्रवाह अडवतो. एक हात तारेला आणि दुसरा ओल्या फांदीला लागला तर बूम काही करू शकत नाही. करवतीचे खोल घाव पडून आतले धागे दिसत असतील तर तो बूम नकोच.

झाडासाठी उंचीपेक्षा आडवी पोच जास्त कामाला येते. जाहिरातीतल्या ‘वर्किंग हाइट’मध्ये बहुधा माणसाच्या हाताची पोचही धरलेली असते. वाहिन्यांवरच्या ट्रकला केबिनवर जाळी आणि मागे फांद्यांचा चुरा भरायचा डबा सहसा नसतो, तो खर्च आधीच धरा.

देखभालीत झाडवाल्यांचा खरा शत्रू भुसा. टर्नटेबलभोवती साचून तो ओल धरतो आणि तडे झाकतो. रोज काम संपलं की हवेनं उडवा, मग ग्रीस. टर्नटेबलला ग्रीस थोडं थोडं फिरवत द्या, नाहीतर एकाच बाजूला बसतं. बकेट सपाट ठेवणारी केबल किंवा साखळी नेमानं तपासा, ती तुटली की बकेट कलंडते. बूमचं हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. बारीक गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या भोकातून दाबानं येणारं तेल कातडी भेदून आत जातं आणि जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, म्हणून लोक दवाखान्यात उशिरा पोचतात.

हार्नेस बूमवरच्या कडीलाच, झाडाला कधीच नाही. आपत्कालीन पंपानं बूम खाली येतो का, हे विकणाऱ्यासमोर इंजिन बंद करून बघा आणि नंतरही रोज वर जाण्याआधी. विसार देण्याआधी बूमचं काम जाणणारा तपासनीस तुमच्या खर्चानं आणा. मालक त्याला हात लावू देत नसेल तर दुसरा ट्रक शोधा.