आधी शपथ, मग माहिती?

गुप्त संघटना आणि चर्चचा कायदा यांविषयी तेच गोंधळ पत्रांतून पुन्हा पुन्हा येतात. म्हणून या वेळी एकत्र उत्तरे.

बैठकीला बाहेरच्यांना बसू न देणारी प्रत्येक संस्था गुप्त म्हणायची का?

नाही. खासगी कारभार सगळेच करतात. खरा उद्देश, खरे सूत्रधार किंवा विधी शपथेने झाकून ठेवले आणि ते फोडल्यास शिक्षेचा धाक घातला, तर ती गुप्त संघटना.

इंटरनेटवर फी भरून इल्युमिनाटीचं सभासद होता येतं का?

फी मागणारा भामटा आहे. आडाम वाइसहाउप्टने १७७६ मध्ये बव्हेरियात काढलेला तो गट तिथल्या सरकारने १७८४-८५ मध्येच मोडून काढला. पैसे दिले असतील तर आजच बँकेला आणि पोलिसांना कळवा.

नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेत कॅथलिकांनी जावं का?

खुशाल. १८८२ मध्ये फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनीच ती स्थापली.

१९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, फ्रीमेसनरी या शपथबद्ध बंधुसंघटनेचं नाव नाही, म्हणजे बंदी उठली ना? मित्र लॉजमध्ये (फ्रीमेसनांच्या, म्हणजे मेसनांच्या शाखेत) बोलावतोय, शपथ नावापुरतीच असते म्हणतो.

बंदी उठलेली नाही. नाव गळलं, हे खरं. १९१७ च्या कायद्यात मेसन होणाऱ्याला थेट बहिष्कृत ठरवलं होतं. आताचं कलम १३७४ चर्चविरुद्ध कट करणाऱ्या संघटनांबद्दल बोलतं. पण १९८३ मध्येच २६ नोव्हेंबरला कार्डिनल रात्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांच्या सहीने रोमचा खुलासा निघाला: सभासद होणारा गंभीर पापाच्या अवस्थेत असतो, त्याला कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घेता येत नाही आणि स्थानिक अधिकाऱ्यांना यात सूट देता येत नाही. २०२३ मध्ये रोमने हेच पुन्हा सांगितलं. अर्धी बातमी वाचून निर्णय घेऊ नका.

आता शपथेचं. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, गळ्यात दोर असतो, आणि समोरचा सांगेल ते तुकड्या-तुकड्याने म्हणायचं असतं. पुढचं वाक्य काय येणार, हे त्याला त्या क्षणी दिसत नाही. देवाला साक्ष ठेवून आपण काय कबूल करतोय हे आधी नीट माहीत नसणं, मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी बंदी घातली, तेव्हाही बायबलवर घेतलेली ही मौनाची शपथ त्यांच्या आक्षेपात होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतल्या शारीरिक शिक्षा काढून टाकल्या, पण शपथ राहिलीच. देवाचं नाव नावापुरतं घ्यायचं नसतं. मित्राकडून शपथेचा पूर्ण मजकूर मागा, तो घेऊन धर्मगुरूंकडे जा, आणि तोवर होकार देऊ नका.

लॉजमध्ये सैतानपूजा चालते, हे खरं का?

लिओ ताक्सिल या फ्रेंच लेखकाने वर्षानुवर्षे हेच छापलं, धर्मगुरूंनीही विश्वास ठेवला. १८९७ मध्ये पॅरिसमध्ये त्याने स्वतःच सगळं थोतांड असल्याचं जाहीर केलं. तरी त्याच कथा अजून फॉरवर्ड होतात. आक्षेप घ्यायचा तर खऱ्या गोष्टींवर घ्या.

इतर धर्माधिकारी काय म्हणतात?

ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने १९३३ मध्ये, मक्केच्या फिकह (इस्लामी धर्मशास्त्रीय कायदा) परिषदेने १९७८ मध्ये फ्रीमेसनरीला विरोध नोंदवला. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९९३ मध्ये निर्णय ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडला. आपल्या पंथाचं मत आपल्याच धर्मगुरूंना विचारा.

अनेक वर्षांपूर्वी लॉजचा सभासद झालो, आता जात नाही. काही करायला हवं का?

हो, आणि सणाची वाट न पाहता. जाणं बंद केल्याने सभासदत्व सुटत नाही; लेखी राजीनामा द्या, प्रत जपून ठेवा आणि पापनिवेदनाला जा. तुम्ही कोणत्या साली, काय माहीत असताना सामील झालात यावर पुढचं ठरतं, आणि ते पत्रातून ठरवता येत नाही. धर्मगुरूंना शंका असेल तर ते बिशपांच्या कार्यालयात विचारतील.