सराफ्यातले रात्रीचे फोटो: आधी शटर सांभाळ

इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात, आणि नवख्याचे फोटो तिथेच बिघडतात. फोटोत आडवे काळसर पट्टे येतात, तो कॅमेऱ्याचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/१०० सेकंद ठेव आणि सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद कर. टोकियोतही हेच चालेल. ओसाका, न्यूयॉर्कला मात्र वीज ६० हर्ट्झची, तिथे १/१२५ किंवा १/६०.

३५ मिमी लेन्स, एफ/२ (लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात कर. फ्लॅश नकोच, त्याने वाफ मरते. कढईवरची वाफ हवी तर दिवा वाफेच्या मागे येईल असा उभा राहा. दहीवडेवाला दोना (द्रोण) हवेत उडवतो तेव्हा १/१०० ला दोना हललेला येतो. पण सगळ्यात वर गेल्यावर तो क्षणभर थांबतो. फोकस आधीच तिथे लावून ठेव आणि तेव्हाच बटण दाब.

गाडीवाल्याला आधी विचार, "भिया, एक फोटो ले लूँ?" गिऱ्हाइकाच्या वाटेत उभा राहू नकोस. आणि दर दहा मिनिटांनी लेन्स पूस, तेलाचा थर दिसत नाही पण बसतो.