पोल मिळते, शर्यत का निसटते?

प्रश्न: २०२३मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये ७ पोल (शर्यत सुरू होताना सर्वांत पुढची जागा) पटकावल्या, पण शर्यत एकच जिंकली. असं का?

उत्तर: क्वालिफाइंगला, म्हणजे ही जागा ठरवणाऱ्या वेगवान फेऱ्यांना, टाकीत मोजक्या फेऱ्यांपुरतं इंधन असतं; शर्यतीला २०२३मध्ये ते १०० किलोच्या आसपास असायचं. दर १० किलोमागे फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात. पण वजन सगळ्यांचंच वाढतं. खरा घोळ टायरचा. नवा सॉफ्ट (मऊ रबराचा) टायर एका फेरीपुरता पिळून काढता येतो. लांब टप्प्यात मात्र मागचा टायर घसरला की तापतो, तापला की आणखी घसरतो. मग ड्रायव्हरला वळणांत हात आखडता घ्यावा लागतो. त्या वर्षीच्या फेरारीचं दुखणं नेमकं हेच. शिवाय क्वालिफाइंगनंतर सस्पेन्शनला हात लावता येत नाही, म्हणजे शर्यतीसाठी ते वेगळं जुळवता येत नाही. एकमेव शर्यत जिंकली ती सिंगापूरला: तिथे ओव्हरटेक अवघड, म्हणून फेरारीचा ड्रायव्हर साइन्झ याने पुढे राहून मुद्दाम वेग आवरला, टायर राखले.