बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरतो आणि पीसी बंद. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नाही. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) न लावता जो 'मदरबोर्ड गेला' म्हणतो, त्याच्याकडे पीसी पुन्हा नेऊच नका.

इचलकरंजीला ताईकडे मीच पीसी जोडून दिला होता. तो चालता चालता रीस्टार्ट व्हायला लागला. दुकानात नेला की दिवसभर नीट चालायचा, घरी आणला की पुन्हा तेच. दुकानदाराने आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला लावला, मग रॅम, मग मदरबोर्ड. तरी रीस्टार्ट थांबेना. भाऊजींचं एकच पालुपद, "वायरिंग नवंकोरं आहे, तू जोडलेल्यातच खोट आहे."

मी मल्टीमीटर घेऊन गेलो. पीसीच्या प्लगला 228 व्होल्ट. ताईला म्हटलं, पाण्याची मोटर लाव. आकडा धाडकन 160 वर. मोटर बंद केली, पुन्हा 228. वायरमनला बोलावून मेन स्विच पाडून विजेचा बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूखाली तार सैल, तिच्यावरचं इन्सुलेशन तपकिरी आणि कडक झालेलं. बोटाने दाबलं तर तुकडे पडले. साध्या एसएमपीएसच्या लेबलवर 200-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, 160 वर तो 12 व्होल्ट कुठून आणणार? 100-240 वाला, ॲक्टिव्ह पीएफसीचा (कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेणारा) असता तर कदाचित तगला असता, पण न्यूट्रल जळायचा थोडाच थांबणार होता. घराला आग लागली असती.

तुमचं दुखणं जरा वेगळं दिसतंय. आधी प्लग काढून ग्राफिक्स कार्ड, हार्डडिस्क सगळं काढा. तरी तसंच झालं तर प्लग काढून 24 पिनचा कनेक्टर आणि सीपीयूचा कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवा, 24 पिनमधली हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडा, मग प्लग लावून मोजा. काळ्या वायरपासून मोजल्यावर पिवळी 11.4 ते 12.6, लाल 4.75 ते 5.25 व्होल्टमध्ये हवी. आकडे बरोबर आले तरी लोडवर एसएमपीएस झोपू शकतो, म्हणून शक्य असेल तर दुसरा लावून बघाच. आणि हे सगळं करायच्या आधी भिंतीतला प्लग मोजा, तोही घरातली मोटर किंवा गीझर चालू असताना. 'वायरिंग नवीन आहे' हे कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. नव्या वायरिंगमध्येही स्क्रू आवळायचा राहतो.

भाऊजी अजून पाहुण्यांना सांगतात की मदरबोर्ड बदलला म्हणून पीसी नीट चालायला लागला. तो 'गेलेला' बोर्ड मी मागून आणला. हे उत्तर त्याच्यावरच टाइप करतोय.

एक राहिलं. घरातल्या विजेच्या मेन बोर्डाचं काम वायरमनलाच करू द्या, आणि एसएमपीएसचा डबा अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 च्या वर व्होल्ट शिल्लक असू शकतात.