ऑगस्टमधे खाडीवर पक्षी दिसतात का? जरूर जा, पण भरतीची वेळ बघून

भाऊ, तुम्ही विचारलंय की ऑगस्टअखेर अमळनेरहून सुरतला जाणं आहे, तर डुमसकडे तापीच्या मुखाशी जाऊन यावं की नोव्हेंबरपर्यंत थांबावं. माझं ऐका, आत्ताच जा.

आपल्याकडे हतनूर धरणावर तेव्हा पूर असतो, दरवाजे उघडलेले, काठ पाण्याखाली, मग चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांनी बसायचं कुठे. खाडीवर मात्र पावसाळा असो नसो, दिवसातून दोनदा चिखल उघडा पडतोच. आणि उत्तरेकडे वीण आटोपून परतणारे पक्षी ऑगस्टमधेच यायला लागतात.

त्यातही वय बघण्यात खरी मजा आहे. तिबेट-लडाखकडून आलेल्या सँड प्लोव्हरच्या (चिखलात खाणारा छोटा पक्षी) प्रौढ पक्ष्यांच्या छातीवर विणीचा विटकरी रंग अजून शिल्लक असतो, पिसं झिजलेली असतात, नोव्हेंबरात हेच पक्षी नुसते मातकट दिसतात. यंदाची पिल्लं मागून येतात, त्यांची पाठ एकदम नवी कोरी, प्रत्येक पिसाला फिकट कड, खवल्यांसारखी. आणि जे आधीपासूनच राखाडी दिसतात ते बरेचदा गेल्या वर्षीचे, उत्तरेला न जाता उन्हाळाभर इथेच राहिलेले. बऱ्याच जातींत मोठे आधी निघून येतात, पिल्लं वाट दाखवायला कोणी नसताना एवढं अंतर कापतात, मला तर दरवर्षी पहिलं पिल्लू दिसलं की भरून येतं.

आता वेळेचं. आपली धरणावरची सवय म्हणजे उजाडायच्या आत काठावर हजर, मी पण पहिल्यांदा तसाच गेलो आणि पूर्ण ओहोटी, पक्षी लांब चिखलात ठिपक्यांएवढे, दुर्बिणीतूनही काही कळेना. भरतीच्या दोन तास आधी पोचा आणि एका जागी बसून राहा, पाणी चढत जातं तसे पक्षी आपणच जवळ सरकतात. सकाळी नऊ-दहाची भरती मिळाली तर उत्तम, ऊन पाठीमागून येतं. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अष्टमीला सहाच्या सुमारास) तिकडे लावू नका, खंभातच्या आखातात वेळ वेगळी पडते, तिथल्या जवळच्या हजिरा बंदराचा भरतीचा तक्ता बघा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते.

चिखलात अजिबात उतरायचं नाही, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नाहीच, तिथलं पाणी फार जोरात चढतं. भरतीला थवा एकत्र बसलेला असतो तेव्हा फोटोसाठी उठवू नका, दमून आलेले असतात.

फोटो धूसर आला तरी पाठवा, पाठीची पिसं दिसली तर वय सांगतो.