दुकानात चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती केली आहे. कंपनीच्या मेंटेनन्समध्ये काम येतं हे कसं सिद्ध करू?

तुम्ही लिहिलंय की आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला, मग मिरजेत एका दुकानात चार वर्षं टीव्ही, यूपीएस, इन्व्हर्टर दुरुस्त केले. आता एका कंपनीतून मेंटेनन्स टेक्निशियनसाठी बोलावणं आलंय, प्रॅक्टिकल घेणार आहेत आणि हातात अनुभवाचा कागद नाही. मी भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं याच विभागात आहे आणि गेली आठ-नऊ वर्षं नव्या मुलांची ट्रायल घ्यायला बसतो. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं, ते सांगतो.

बंद वस्तू चालू करून दाखवली की काम येतं, असं आम्ही धरत नाही. ती का बंद पडली होती हे मोजमापासकट सांगता आलं पाहिजे, आणि तुमच्या मागून येणाऱ्या शिफ्टच्या माणसाला तुमची नोंद वाचून त्यावर विसंबता आलं पाहिजे. ट्रायलमध्ये आम्ही या दोनच गोष्टी शोधत असतो.

एक उदाहरण देतो. मागे एका ट्रायलला २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय ठेवला होता. मशीनच्या पॅनलमधूनच काढलेला. आउटपुट नाही, आणि चालू केला की आतून टिक्... टिक्... टिक्... असा आवाज. एका मुलाचा हात फार चलाख होता. कव्हर उघडलं, ट्रेमधला नवा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) लावला, टिकटिक तशीच. मग आयसी बदलला, मग डायोड, मग कपॅसिटर. चाळीस मिनिटांत सप्लाय चालू झाला. विचारलं, ‘काय गेलं होतं?’ म्हणाला, ‘सर, बहुतेक कपॅसिटर.’ बहुतेक. काढलेले चारही पार्ट एकत्र पडले होते आणि त्यातला एकही त्याने मोजला नव्हता.

त्याच्यानंतर एक मुलगी आली. तिने सप्लायला हात लावायच्या आधी विचारलं, ‘हा पॅनलमध्ये किती वर्षं होता? एकदम बंद पडला की आधी कधीकधी चालू व्हायला वेळ घ्यायचा?’ हा प्रश्न ऐकला तेव्हाच मी पेन खाली ठेवलं. प्लग काढून तिने मेन कपॅसिटरवर मीटर लावला, १८० व्होल्ट उरले होते. रेझिस्टरने तो उतरवला, पुन्हा मोजला, शून्य आल्यावर बोर्ड हातात घेतला. आउटपुटचा डायोड तपासला, शॉर्ट नव्हता. मग कंट्रोल आयसीशेजारचा ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर एक पाय सोडवून मोजला. ६ मायक्रोफॅरड.

आता हा आवाज का येतो ते समजून घ्या, कारण हे तुम्हाला विचारतीलच. त्या सप्लायमध्ये यूसी३८४२ हा कंट्रोल आयसी होता. हा आयसी साधारण १६ व्होल्टला जागा होतो आणि १० व्होल्टच्या खाली झोपतो. चालू करताना स्टार्टअप रेझिस्टर त्या छोट्या कपॅसिटरला हळूहळू १६ पर्यंत भरतो. आयसी सुरू झाला की ट्रान्सफॉर्मरची वेगळी वाइंडिंग त्याला पोसायला लागते, पण ती पोचेपर्यंतचे काही मिलिसेकंद कपॅसिटरने धरून ठेवायचे असतात. तो सुकला असेल तर धरत नाही, व्होल्टेज १० च्या खाली जातं, आयसी बंद. पुन्हा भरतो, पुन्हा सुटतो. तीच टिकटिक. आउटपुट शॉर्ट असलं तरी असाच आवाज येऊ शकतो, म्हणून तिने डायोड आधी तपासला होता.

ट्रेमध्ये ८५ डिग्रीचा, म्हणजे तेवढंच तापमान सोसणारा, कपॅसिटर होता. तिने तो लावला आणि कागदावर लिहिलं: ‘तात्पुरता. १०५ डिग्रीचा, लो ईएसआर हवा. जुना गरम रेझिस्टरला चिकटून होता. पॅनलच्या फॅनचा फिल्टर तपासावा.’ (ईएसआर म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स.) लोडवर चाचणी घ्यायच्या आत वेळ संपला. घेतलं आम्ही तिलाच. आणि त्या पॅनलचा फिल्टर खरंच तेलाच्या धुळीने गच्च भरलेला होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं. फिल्टर साफ केला नसता तर नवा कपॅसिटरही त्याच वाटेने गेला असता.

सुरक्षिततेवर मला तुमच्याकडून घोटून तयारी करून हवी आहे. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की कपॅसिटरवर ३२५ डीसी उभे राहतात, हे तुम्ही टीव्हीत पाहिलंय. कंपनीत मोटारचा वेग बदलायला व्हीएफडी ड्राइव्ह असतात, त्यांत ४१५ व्होल्टवर डीसी बस, म्हणजे आतला डीसी व्होल्टेज, ५८० च्या पुढे जाते. सप्लाय काढल्यावर किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या कव्हरवर छापलेलं असतं. ते वाचा, तेवढे थांबा, तरीही मोजा. मोजतानाची पद्धत अशी: मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतोय याची खात्री करायची, मग ज्यावर काम करायचंय तिथे लावून शून्य बघायचं, मग पुन्हा चालू ठिकाणी लावायचा. मधल्या वेळात मीटरची लीड तुटली असेल तर खोटा शून्य दिसतो, आणि त्या शून्यावर माणसं गेली आहेत. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून उतरवायची दुकानातली सवय असेल तर आजच सोडा. काही किलोओहमचा ५-१० वॅटचा रेझिस्टर, त्याला इन्सुलेटेड वायरी आणि दोन प्रोब, एवढं घरी बनवून ट्रायलला सोबत न्या.

हाताला लावायच्या स्टॅटिकच्या पट्ट्याबद्दलही विचारतात. आपल्याला साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा स्टॅटिकचा झटका जाणवतसुद्धा नाही, आणि काही आयसी १०० व्होल्टच्या आत जायबंदी होतात. लगेच मरत नाहीत, दोन महिन्यांनी साइटवर मरतात. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो तो तुमच्यासाठी, चुकून लाइव्हला हात लागला तर करंट मर्यादेत राहावा म्हणून. म्हणूनच लाइव्ह बोर्डवर काम करताना पट्टा घालायचा नसतो. कार्ड थर्माकोलवर ठेवू नका, हे दुकानांत सर्रास चालतं.

माझा एक ठरलेला प्रश्न आहे: ‘एसएमपीएसच्या प्रायमरीचा वेव्हफॉर्म बघायचाय, स्कोपची अर्थ क्लिप कुठे लावाल?’ (एसएमपीएस म्हणजे टिकटिक करणाऱ्या त्या सप्लायसारखा स्विचिंग सप्लाय, प्रायमरी म्हणजे त्याची मेन्सकडची बाजू, स्कोप म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र.) बरीच मुलं ‘प्रायमरीच्या निगेटिव्हला’ म्हणतात. नेहमीच्या स्कोपची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते आणि प्रायमरीचा निगेटिव्ह थेट मेन्सवर बसलेला असतो. लावलीत की भडका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर सप्लाय घेऊन किंवा डिफरन्शियल प्रोबने बघायचं, हे उत्तर देणारा मुलगा नुसता पुस्तकातून आलेला नसतो.

कारण शोधायची सवय मला मी अप्रेंटिस होतो त्या कारखान्यात लागली. एका सप्लायमध्ये मी तीन मॉसफेट उडवले होते. चौथा मागायला गेलो तेव्हा आमचे सीनियर म्हणाले, ‘आधीचा का गेला ते सांग, मग नवा देतो.’ त्यांनी मला सिरीज बोर्ड दिला. सप्लायच्या लाइनमध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजला. चालू करताना बल्ब एकदा लखकन पेटून मंद झाला तर ठीक, भरून पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि पार्ट वाचला. माझा बल्ब पेटत राहिला. ट्रान्सफॉर्मरशेजारचा स्नबरचा, म्हणजे व्होल्टेजचा झटका शोषणाऱ्या सर्किटचा, डायोड शॉर्ट होता. बल्ब फिलामेंटचाच लागतो, एलईडीचा चालत नाही. हल्ली शोधावा लागतो, मिळतील तिथे दोन घेऊन ठेवा.

आता कागदाचं. तुमच्याकडे ट्रायलपर्यंत तीन आठवडे आहेत ना? आजपासून जे जे दुरुस्त कराल त्याची वही ठेवा, कामाला एक पान. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, उघडल्यावर डोळ्यांना काय दिसलं (फ्यूज काळा झालाय की नुसती तार वितळलीय, हेसुद्धा, काळा म्हणजे आत मोठा शॉर्ट), कुठे किती व्होल्ट असायला हवे होते आणि किती मिळाले, कारण, बदललेल्या पार्टचं रेटिंग, आणि दुरुस्तीनंतर किती लोडवर किती वेळ चालवून पाहिलं. जमलं नाही ते कामही लिहा आणि कुठे अडलात तेही. पंधरा पानं पुरेत. मागच्या चार वर्षांतली कामं आठवून लिहू नका. खोटी आकडेवारी आम्हाला दोन प्रश्नांत कळते, आणि मग खऱ्या पानांवरचाही विश्वास उडतो.

लोडवरची चाचणी बहुतेक दुकानांत होतच नाही, म्हणून तुमच्या वहीत ती दिसली तर नजरेत भरेल. २४ व्होल्टच्या सप्लायला ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब लावा, ७५ वॅटचा फिलामेंट ३ अँपिअर ओढतो. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त ओढतं, त्यामुळे दुसरा बल्ब पहिला तापल्यावर जोडा, नाहीतर चांगला सप्लायही ट्रिप होईल आणि तुम्ही नसलेला फॉल्ट शोधत बसाल.

दुकान आणि कंपनी यांत मोठा फरक हा की दुकानात वस्तू मेल्यावर तुमच्याकडे येते, आणि कंपनीत ती मरू नये म्हणून तुम्हाला ठेवलेलं असतं. महिन्याला फिल्टर, टर्मिनलचे स्क्रू, फॅनचा आवाज, सप्लायवरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर), हे सगळं तपासायचं. केबल ग्लँड (केबल आत येते ते भोक बंद करणारा भाग) उघडा राहिला की पॅनलमध्ये पाल शिरते आणि बसबारवर शॉर्ट होते, पावसाळ्यात हमखास. ड्राइव्ह बदलण्याआधी पॅरामीटर उतरवून घ्यायचे. जुन्या पीएलसीत (मशीन चालवणारा छोटा संगणक) प्रोग्राम बॅटरीवर टिकवलेल्या मेमरीत असतो, अशा पीएलसीची बॅटरी पॉवर चालू ठेवून बदलायची. बंद करून काढलीत तर प्रोग्राम जाऊ शकतो आणि लाइन उभी राहते. मशीनचं मॅन्युअल आधी बघेन, असं म्हणायला अजिबात कचरू नका. यूपीएसच्या बॅटऱ्यांची लोड टेस्ट तुम्हाला येते, ते न विचारता सांगा.

सर्टिफिकेटपैकी आयटीआयच्या एनटीसीची (नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट) मूळ प्रत न्या. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली अप्रेंटिसशिप तुम्ही केलेली दिसत नाही. वयात बसत असाल तर या कंपनीत नोकरी नाही जमली तरी अप्रेंटिसची जागा विचारा, तो काळ कधीच वाया जात नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता शिकलेल्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची आरपीएल ही सोय आहे. ते मिळालं तर उत्तम, पण त्याच्यासाठी ट्रायल पुढे ढकलू नका.

अनुभवाच्या पत्रासाठी दुकानाच्या मालकांना भेटा. ‘प्रामाणिक व मेहनती’ असं पत्र आणू नका, ते सगळेच आणतात. त्यांना सांगा, ‘काका, मी कोणती उपकरणं दुरुस्त करायचो, एकट्याने काय करायचो आणि कधीपासून कधीपर्यंत होतो, एवढंच लिहा.’ खाली सही, शिक्का आणि फोन नंबर. आम्ही फोन लावतो.