वाचकांचे प्रश्न: आयरिश माणूस म्हणजे बटाटा, बिअर आणि भांडण?

मागच्या अंकात सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाबद्दल दोन ओळी लिहिल्या काय आणि तुम्ही लोकांनी आयर्लंडवर प्रश्नांची रीघच लावलीत. मी तिथल्या कॉर्क शहरात चार वर्षं काढली आहेत त्यामुळे थोडं पक्षपाती होईल, सांभाळून घ्या.

ताई, मी दीड वर्ष डब्लिनमधे नोकरी करतोय. टीममधले आयरिश लोक स्वतःच्याच पिण्यावर, पावसावर, आळशीपणावर सारखे जोक मारत असतात. म्हणून परवा लंचला मीपण म्हटलं, तुम्हाला बटाट्याशिवाय घास उतरत नाही वाटतं. सगळे एकदम गप्प. माझं काय चुकलं?

अरे बाबा, पावसावर बोलला असतास तर तुझ्या जोडीनं तेही सुरू झाले असते, तू नेमका बटाट्यावर हात घातलास.

१८४५ मधे तिथे बटाट्यावर रोग पडला आणि पुढे १८५२ पर्यंत दुष्काळ चालला, साधारण दहा लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून देश सोडून गेली. आता बटाटाच का, तर चांगली जमीन जमीनदारांकडे, आणि कुळाच्या वाट्याला एवढासा तुकडा ज्यात अख्ख्या घराचं पोट भरेल असं एकच पीक निघायचं. धान्य पिकत होतं की, गुरंही होती, पण ती खंड भरायला विकायची, आणि लोक मरत असतानाही बंदरातून धान्य बाहेर जातच होतं. लंडनमधे मदतीचा कारभार ज्याच्या हातात होता त्या चार्ल्स ट्रेव्हेलियनला यात देवाचा हात दिसत होता (हाच गृहस्थ पुढे मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्याकडे आला, बघ). १८४१ च्या जनगणनेत बेटावर ८० लाखांच्या वर माणसं होती. आज उत्तर दक्षिण दोन्ही मिळून सत्तर लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे पावणेदोनशे वर्षं झाली तरी आकडा भरून निघालेला नाही. जगात असे देश फार नाहीत. त्या टेबलावर बसलेल्यांपैकी बहुतेकांचं कोणी ना कोणी त्यात गेलेलं असणार.

बरं त्यांचे स्वतःचे जोक चालतात आणि तुझा का नाही, तर या सगळ्या प्रतिमा मुळात त्यांनी बनवलेल्याच नाहीत. आयरिश म्हणजे दारुडा, मठ्ठ, आळशी, उठसूट मारामारी करणारा, हे चित्र इंग्लंडमधे रंगवलं गेलं. १८६० च्या दशकातली पंच मासिकातली टेनिएलची व्यंगचित्रं बघ, आयरिश माणसाला सरळ माकडाचं तोंड दिलंय, आणि अमेरिकेत थॉमस नास्ट तेच करत होता. समोरचा माणूसच नाही असं एकदा ठरवलं की त्याच्यावर राज्य करायला आणि तो उपाशी मेला तरी 'त्यांचं असंच असतं' म्हणायला सोपं जातं, हे आपल्याला वेगळं समजवायला नको. आपल्या घरातली भानगड आपण हसत हसत सांगतो, तीच दुसऱ्यानं सांगितली की डोकं सटकतं, तसंच आहे हे.

आता फार मोठी माफी वगैरे मागत बसू नकोस, त्यानं ते अजून अवघडतील. एकदा सॉरी म्हण, मला माहीत नव्हतं म्हण. 'यू आर ग्रँड', म्हणजे 'ठीक आहे रे', असं उत्तर येईल. तिकडे छप्पर उडालं तरी 'ग्रँड'च असतं.

सगळ्यांचे केस लाल असतात का हो?

नाही हो. दहातल्या एखाद्याचे. बाकी तपकिरी नाहीतर काळे.

पण पितात तर भरपूर ना? उगाच का नाव झालंय?

पितात, खोटं कशाला सांगू, आणि तो त्यांच्याकडे खरा गंभीर प्रश्न आहे, म्हणून तर २०२२ पासून दारूची किमान किंमत कायद्यानं ठरवून दिलीये. पण प्रमाण गेल्या वीस वर्षांत बऱ्यापैकी उतरलंय. आणि दुसरी बाजू कोणी सांगतच नाही. १८३८ मधे कॉर्कमधे फादर मॅथ्यू नावाच्या पाद्र्यानं दारू सोडायची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी ती घेतली, त्याचा पुतळा आजही शहराच्या मुख्य रस्त्यावर उभा आहे. मग १८९८ मधे पायोनियर नावाची संघटना निघाली, आयुष्यभर थेंबही घेणार नाही म्हणणाऱ्यांची, कोटावर छोटी पिन लावतात. माझ्या घरमालकांच्या कोटावर होती. रोज संध्याकाळी पबमधे जायचे आणि चहा प्यायचे! पबमधे लोक मुळात क्रॅकसाठी जातात, म्हणजे गप्पा, गाणी, टिंगलटवाळी, मजा.

आणि ज्या सेंट पॅट्रिक्स डेला जगभर हिरवी बिअर वाहते त्या दिवशी खुद्द आयर्लंडमधे पब बंद असायचे, १९२७ चा कायदाच होता, आणि तो तीसेक वर्षं टिकला. सण मुळात चर्चचा. ढोलताशे परेड हा प्रकार अमेरिकेत आधी रुजला, न्यूयॉर्कमधे १७६२ पासून, आणि तिथून उलटा मायदेशी आला.

माझ्या अमेरिकेतल्या भावाचा शेजारी 'आय ॲम आयरिश' म्हणून छाती फुगवतो, घरात लेप्रेकॉनचे, म्हणजे आयरिश लोककथांमधल्या बुटक्यांचे, बाहुले, पण आयर्लंडला एकदाही गेलेला नाही. हा कसला अभिमान?

यावर खुद्द आयरिश लोक पण खूप हसतात, 'प्लॅस्टिक पॅडी' म्हणतात अशांना. आणि त्यानं सेंट पॅट्रिक्स डेला 'पॅडीज डे'ऐवजी 'पॅटीज डे' लिहिलं की मग काही खरं नाही, कारण पॅडी हे पॅट्रिकच्या आयरिश रूपावरून, पाड्रिगवरून आलंय, पॅटी हे बाईचं नाव. गंमत म्हणजे हाच पॅडी शब्द इंग्लंडमधे वर्षानुवर्षं आयरिश मजुरांना हिणवायला वापरला गेला.

पण मला स्वतःला तो शेजारी इतका हास्यास्पद वाटत नाही. त्याचे पणजोबा कदाचित दुष्काळाच्या बोटीनं गेले असतील, परत यायची सोय नव्हती, गावाची भाषा मुलांना दिली नाही, मग मागे उरलं काय, एक आडनाव आणि एक हिरवा टाय. आता बाहुल्यांबद्दल मात्र मी काही बोलत नाही. लेप्रेकॉनचं तर असंय की २०१५ ची आयर्लंडची जीडीपी वाढ कागदावर २६ टक्क्यांच्या वर निघाली, परदेशी कंपन्यांच्या हिशेबांमुळे, तर पॉल क्रुगमननं त्याला 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हणून टाकलं. नोबेलवाला अर्थतज्ज्ञ, पण सुचला बुटका जादूगारच.

माझी मुलगी कॉर्कला एमएससी करतेय. मी फोनवर सगळ्यांना 'ब्रिटनला असते' सांगते. ती फार चिडते. एवढं काय त्यात?

काकू, चिडू दे, बरोबर आहे तिचं. १९१६ चा उठाव, त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, मग स्वातंत्र्ययुद्ध, मग १९२१ चा तह आणि फाळणी, एवढं सगळं होऊन ब्रिटनपासून वेगळा झालेला देश आहे तो. शेमस हीनी हे कवी तर जन्मले उत्तर आयर्लंडमधे, म्हणजे ब्रिटिश हद्दीत, तरी ब्रिटिश कवितांच्या संग्रहात त्यांना घातलं म्हणून १९८३ मधे त्यांनी पद्यातच उत्तर दिलं की माझा पासपोर्ट हिरवा आहे. पुढे १९९५ ला नोबेल मिळालं त्यांना.

पण म्हणून सगळे इंग्रजांच्या नावानं दात खातात असंही नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमधे २१ नोव्हेंबर १९२० ला फुटबॉलची मॅच चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, १४ जण गेले. त्याच मैदानावर २००७ मधे इंग्लंडची रग्बी टीम आली. आता 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजल्यावर काय होणार म्हणून सगळ्या देशाला टेन्शन, तर ८० हजारांचं मैदान शांत उभं राहिलं आणि संपल्यावर टाळ्या. मग ४३–१३ नं धुतलं इंग्लंडला. मी तेव्हा तिथे नव्हते पण हा किस्सा मला चार वर्षांत किमान वीस जणांनी सांगितलाय आणि प्रत्येक जण स्वतः मैदानात होता म्हणे.

आयरिश लोक आपापसात असे शिक्के मारतात का?

हाच प्रश्न मला सगळ्यात आवडला. मारतात म्हणजे काय! कॅव्हन काउंटीचा (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) माणूस कंजूष. डब्लिनवाला म्हणजे 'जॅकीन', शिष्ट. डब्लिनबाहेरचा कोणीही 'कल्ची', गावंढळ. कॉर्कवाले स्वतःच्या शहराला खरी राजधानी म्हणतात, आणि ते जोक म्हणून म्हणत नाहीत हे मी राहून बघितलंय. देशाभिमान बघायचा असेल तर झेंड्याकडे नका बघू, काउंटीच्या जर्सीकडे बघा. हर्लिंग (काठीनं चेंडू मारायचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल हे तिकडचे खेळ खेळणाऱ्यांना पगार नसतो, सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर कामाला जातात आणि रविवारी ८० हजार लोकांसमोर काउंटीसाठी हाडं मोडून घेतात.

आणि केरी. इंग्लंडवाले जे 'मूर्ख आयरिश' जोक सांगायचे ना, अगदी तेच जोक आयर्लंडमधे केरीच्या माणसावर सांगतात, फक्त नाव बदलून. माझ्या ऑफिसात केरीचा एक जण होता, त्याला विचारलं राग नाही येत का. तो म्हणाला, ऑल आयर्लंड फुटबॉल सगळ्यात जास्त वेळा कोणी जिंकलंय ते बघ आणि मग ये.